अपत्यलिंग-प्राधान्य आणि उत्क्रांती

अपत्यलिंग-प्राधान्य म्हणजे मुलगा किंवा मुलगी यांपैकी एका लिंगाच्या अपत्याला पालकांनी अधिक पसंती देणे किंवा त्याच्या संगोपनावर अधिक वेळ व धन वेचणे होय. अशा वर्तनामुळे पालकांच्या वंशजांची संख्या वाढते का, हा उत्क्रांतिविज्ञानाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील मुलींच्या घटलेल्या प्रमाणावरून या मीमांसेची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

सिद्धान्त

रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, प्रत्येक अपत्याला एक माता व एक पिता असतो. म्हणून जे लिंग संख्येने कमी, त्यातील व्यक्तीला सरासरीने अधिक अपत्ये होतात. त्यामुळे कमी असलेल्या लिंगाची अपत्ये जन्मास घालणे लाभदायक ठरते आणि प्रमाण पुन्हा समतोलाकडे झुकते.

रॉबर्ट ट्रिव्हर्स व डॅन विलार्ड यांनी १९७३ मध्ये यास पुरवणी जोडली. सुस्थितीतील मातेला पुत्रांकडून, तर हलाखीतील मातेला कन्यांकडून अधिक नातवंडे मिळण्याचा संभव असतो, असे हे गृहीतक सांगते. मिल्ड्रेड डिकमन यांनी १९७९ मध्ये ते मानवी समाजाला लावले. मुलगी वरच्या कुळात देण्याची रीत जेथे असते, तेथे सर्वांत वरच्या कुळांतील मुलींना योग्य स्थळ उरत नाही. उत्तर भारतातील उच्चकुलीनांमधील कन्याहत्येचा संबंध त्यांनी याच्याशी जोडला.

महाराष्ट्रातील स्थिती

निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हे प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होते. येथे एकूण लोकसंख्येचे लिंगगुणोत्तर उपयोगी पडत नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात परप्रांतांतून एकटे आलेले पुरुष कामगार बहुसंख्य असल्याने स्त्रियांचे प्रमाण मुळातच कमी दिसते; म्हणून बालकांचेच आकडे पाहावे लागतात.

२०११ मध्ये आदिवासीबहुल गडचिरोलीत हे प्रमाण ९६१, तर उसाच्या सधन पट्ट्यातील कोल्हापुरात ८६३ होते. एवढ्यावरून ट्रिव्हर्स-विलार्ड गृहीतक खरे वाटेल. परंतु राज्यातील नीचांक, ८०७, दुष्काळी बीड जिल्ह्याचा होता. केवळ संपन्नतेने याचा उलगडा होत नाही.

मर्यादा

वीस वर्षांत, म्हणजे जेमतेम एका पिढीत, मानवी जनुकांमध्ये एवढा बदल संभवत नाही. या काळात बदलले ते साधन : सोनोग्राफीमुळे गर्भलिंगनिदान सुलभ झाले. हुंडा, वारसा, म्हातारपणाचा आधार व अंत्यविधी यांविषयीच्या जुन्या समजुतींना त्याची जोड मिळाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला.

शिवाय मुली कमी झाल्यावर त्यांचे मोल वाढावे, ही फिशर यांच्या विवेचनातून निघणारी अपेक्षाही आपोआप फळत नाही. वधू मिळेनाशी झाली, तरी एकेका कुटुंबाची पुत्राची ओढ टिकून राहते.

जिवंत राहिलेल्या मुलींच्या वाट्याला आलेली उपेक्षा जनगणनेत उमटत नाही. सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, असे नाव ठेवलेल्या २८० हून अधिक मुलींना २०११ मध्ये समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एखाद्या वर्तनाचे जैविक कारण सापडणे म्हणजे त्याचे समर्थन नव्हे. रूढीतून आलेले नाव बदलता येते, तशी रूढीही बदलता येते.