दारू सोडल्यावर फिट का येते?

श्रावण लागला किंवा तुकोबांची पालखी बारामतीतून पुढे गेली, की आमच्या जळोचीत काही जण दारू सोडतात. निर्णय चांगलाच. पण रोज पिणाऱ्याने ती एका झटक्यात बंद केली, की कधी कधी दुसऱ्या दिवशी घरचे धावत येतात. "डॉक्टर, कालपासून थेंबही घेतला नाही हो यांनी, मग फिट कशी आली?" घेतली नाही म्हणूनच आली, हे पटायला वेळ लागतो.

मेंदूतल्या पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. ग्लुटामेट पेशींना चेतवते, गाबा त्यांना शांत करते. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. रोजच्या दारूला मेंदू सरावतो, स्वतःचा ब्रेक ढिला ठेवतो. मग दारू अचानक थांबली, की आवर घालणारे कोणी उरत नाही. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना फिट येते.

तिची सुरुवात कुठे होते, याचा माग उंदरांवरील प्रयोगांत लागला. कानाकडून आलेला आवाज मध्यमेंदूतल्या इन्फिरिअर कॉलिक्युलस नावाच्या छोट्या ठाण्यातून पुढे जातो. दारू तोडलेल्या उंदरांना कर्कश आवाज ऐकवला की ते सैरावैरा पळत आणि मग त्यांना झटके येत. याच ठाण्यात गाबासारखे औषध सोडले की झटके रोखता येत. माणसाला मात्र आवाजाशिवायही फिट येते, त्यामुळे डीजे बंद करून भागत नाही.

शेवटच्या घोटानंतरचे साधारण ६ ते ४८ तास जपायचे. दारू सोडायच्या आधीच डॉक्टरांना भेटा. गाबाला आधार देणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो.

फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल नको. १०८ ला फोन करा. पुढे दोन-तीन दिवसांत भास होऊ लागले, माणूस बरळू लागला, तरी लगेच रुग्णालय गाठा.

हात मोडला म्हणून दाखल झालेल्यालाही दारू तुटल्याने फिट येऊ शकते. म्हणून रोज किती घेतात ते तिथे खरे सांगा. सुनेसमोर बोलायला अवघड वाटत असेल, तर तिला बाहेर थांबवा.