साथीच्या काळात शहराचा गाडा चालतो कसा? रायपूरच्या पंडरीचे उदाहरण

रायपूर शहरातील पंडरी हा भाग छत्तीसगडबाहेर ओळखला जातो तो तेथील कापडबाजारामुळे. जिल्हा रुग्णालय याच परिसरात आहे आणि 2021 च्या उत्तरार्धात भाठागाव येथे हलविले जाईपर्यंत शहराचे मुख्य बसस्थानकही येथेच होते. बाजार, बसस्थानक आणि रुग्णालय ही गर्दीची तिन्ही ठिकाणे एकाच भागात असल्याने, कोरोनाच्या साथीने महानगरपालिकांपुढे उभा केलेला पेच येथे ठळकपणे दिसून येतो. नागरिकांनी घरात थांबावे, मात्र नळाला पाणी यावे, कचरा उचलला जावा, गटारे तुंबू नयेत, अशी अपेक्षा असते. आणि ही कामे करणाऱ्यांना घरी थांबून ती करता येत नाहीत.

छत्तीसगडमधील पहिला कोरोनाबाधित रुग्ण मार्च 2020 मध्ये रायपूर येथेच आढळला. डिसेंबर 2019 मधील निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या महापालिकेला त्या वेळी जेमतेम अडीच महिने झाले होते. टाळेबंदीचा निर्णय केंद्र, राज्य आणि जिल्हा प्रशासनाचा असतो, त्याचा दैनंदिन भार मात्र पालिकेवर येतो. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नमूद आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा आणि स्मशानभूमी हे त्यांपैकीच होत.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 24 मार्च 2020 च्या आदेशाने पालिकांनाही सरसकट सूट दिलेली नव्हती. स्वच्छता, पाणीपुरवठा यांसारख्या अत्यावश्यक सेवांना लागतील तेवढेच कर्मचारी कामावर बोलवावेत, असे त्यात म्हटले होते. त्यामुळे कोणते काम थांबू शकते, हे आधी ठरवावे लागते. बांधकामाचा परवाना महिनाभर लांबला तर अर्जदाराची गैरसोय होते, पण कोणाच्या जिवावर बेतत नाही. पाण्याचे तसे नाही.

रायपूरला पाणी मिळते ते प्रामुख्याने खारून नदीतून. ते उपसून, तुरटी आणि क्लोरिनने शुद्ध करून टाक्यांपर्यंत पोहोचविणारे कर्मचारी थोडेच असतात आणि त्यांची जागा दुसऱ्या विभागातील कारकून एका दिवसात घेऊ शकत नाही. एका पाळीतील एक जण बाधित झाला आणि सर्वांनाच विलगीकरणात जावे लागले, तर उपसा केंद्र बंद पडण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून कर्मचाऱ्यांचे स्वतंत्र गट करून त्यांचा परस्परांशी संपर्क टाळावा लागतो, निवृत्त वा अन्य केंद्रांतील जाणकारांची यादी हाताशी ठेवावी लागते आणि रसायनांचा साठा वाढवावा लागतो. वरवर साधी वाटणारी ही व्यवस्था साथ येण्यापूर्वीच उभी असावी लागते, हीच तिची खरी अडचण आहे.

कचऱ्याचा प्रश्न याहून नाजूक ठरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने रुग्णांच्या विलगीकरणातील कचरा पिवळ्या पिशव्यांत वेगळा गोळा करण्याचे निर्देश दिले होते. सर्वसाधारण घरांतील वापरलेले मास्कही 72 तास कागदी पिशवीत ठेवूनच टाकावेत, असे जुलै 2020 च्या सूचनांत सांगण्यात आले. परंतु पिशवी वेगळी झाली तरी ती उचलणारे हात तेच राहतात. रायपूरमध्ये घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम खासगी कंत्राटदारामार्फत होते. त्याच राज्यातील अंबिकापूर येथे महिला बचत गटांच्या ‘स्वच्छता दीदी’ कचरा हाताने वेगळा करतात. देशभर वाखाणल्या गेलेल्या या पद्धतीत हाताळणी अधिक असल्याने साथीच्या दिवसांत हातमोजे आणि मास्क यांचे महत्त्व अर्थातच वाढले.

सफाई कामगारांवर शहर किती अवलंबून असते, याचा प्रत्यय मुंबईला 1896 मध्येच आला होता. प्लेगच्या साथीत तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे आदेश काढले. मात्र घबराटीने हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे कामगार, शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाही, हे ध्यानी येताच त्यांना ती सक्ती सैल करावी लागली. साथरोग अधिनियम आला त्यानंतर, फेब्रुवारी 1897 मध्ये. कामगारांच्या मनातील भीतीवर कायद्याचा उपाय चालत नाही, हे त्याआधीच दिसून आले होते.

रायपूरपुढे आणखी एक जबाबदारी आली. मे 2020 मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणातून झारखंड, ओडिशा, बंगालकडे निघालेले मजूर शहराच्या पश्चिमेकडील टाटीबंध चौकात मोठ्या संख्येने उतरू लागले. हे लोक शहराच्या लोकसंख्येत मोजलेले नव्हते. पाणी, अन्न आणि पुढील प्रवासाची बस मात्र त्यांना याच शहरात हवी होती. प्रशासनाबरोबर स्वयंसेवी संस्थाही तेथे उभ्या राहिल्या.

दुसरी लाट सर्वांत कठीण गेली. 9 एप्रिल 2021 च्या सायंकाळपासून रायपूर जिल्ह्यात लागू झालेली टाळेबंदी टप्प्याटप्प्याने मेअखेरपर्यंत वाढली. बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियमचा तात्पुरते कोविड केंद्र म्हणून वापर करण्यात आला. त्याच एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकर रुग्णालयाच्या शवागारात जागा अपुरी पडल्याची दृश्ये देशाने पाहिली. शवागार पालिकेच्या अखत्यारीत येत नाही, पण तेथून निघणारी वाट पालिकेच्याच स्मशानभूमीकडे जाते. लाकूड, शववाहिका, संरक्षक पोशाख आणि अंत्यविधी करणारी माणसे, यांपैकी एकही गोष्ट कमी पडली तर रांग थेट रुग्णालयापर्यंत मागे सरकते.

नागरिकांच्या तक्रारींसाठी राज्यातील नागरी संस्थांची ‘निदान 1100’ ही दूरध्वनी सेवा आहे. रायपूर महापालिकेचे 70 प्रभाग आणि 10 झोन आहेत. कार्यालयाचे दार बंद असताना झोन कार्यालय आणि प्रभागाचा नगरसेवक यांनाच लोक गाठतात.

खर्चाची बाजू मात्र क्वचितच चर्चेत येते. मालमत्ता कराचे वर्ष 31 मार्चला संपते आणि 2020 ची टाळेबंदी नेमकी त्याच आठवड्यात लागू झाली. बाजार बंद झाला की वसुली मंदावते, आणि फवारणी, सुरक्षा साहित्य, जादा पाळ्या यांचा खर्च त्याच वेळी वाढतो. अशा वेळी राज्याच्या अनुदानाला विलंब झाला, तर सर्वांत आधी अडकतात ती कंत्राटदारांची देयके आणि त्यामागोमाग कंत्राटी कामगारांचे वेतन.