बिऱ्हाड हलविताना

धाराशिव, तुळजापूर वा उमरगा येथून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस निघालेले कुटुंब आपला सारा संसार एका अपरिचिताच्या मालमोटारीत ठेवते. हा विश्वास गोड बोलण्यावर ठेवावा की कागदावर? माझ्या मते कागदावरच.

रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्या अन्वये भाडे घेऊन सर्वांचा माल वाहणाऱ्यास नोंदणी बंधनकारक आहे. म्हणून प्रथम नोंदणी-क्रमांक विचारावा. दुसरे असे की, घरातील सामान प्रत्यक्ष पाहून लेखी दर देणाराच पत्करावा. दूरध्वनीवरून सांगितलेला स्वस्त दर सामान गाडीत चढताच वाढू लागतो, आणि त्या वेळी गृहस्थ अडलेला असतो. तिसरे, वस्तूंची यादी व मूल्य लिहून देऊन पावती घ्यावी; अधिक मूल्य आगाऊ नमूद केले नसेल, तर वाहकाची भरपाईची जबाबदारी मर्यादितच राहते. हानी झाल्यास माल नोंदविल्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली पाहिजे. एरवी दाव्याचा मार्ग खुंटतो.

दागिने व खरेदीखते मात्र कोणाच्याही गाडीत न घालता आपल्याजवळच ठेवावीत, हे बरे.