रक्तातील साखर व उतारवयातील स्मृती

जमिनीचे कागद पेटीत असले, तरी तिच्या पुष्कळ गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यातच असतात. बांध कोणी कोरला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्या, कोणाचे देणे फिटले, हे तेच जाणतात. ही स्मृती ढळू लागली म्हणजे भाऊबंदकीचे तंटे कसे माजतात, हे महसुली नोकरीत आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. आपण कशावर सही करीत आहो याचे भान न राहिल्यास जमीनही हातची जाते. लोक यास म्हातारचळ म्हणून सोडून देतात. परंतु हा सर्वस्वी वयाचा दोष नव्हे. त्याचा काही संबंध आपल्या ताटाशीही आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. परंतु स्वस्थ बसलेल्या शरीराच्या एकंदर शक्तीपैकी सुमारे २० टक्के शक्ती तो एकटा खर्च करतो. त्याचे मुख्य इंधन रक्तातील साखर हेच होय. मग अधिक साखरेने अपाय का व्हावा? पिकास पाणी हवेच, पण ते वावरात साचून राहिले तर मुळे कुजतात. तसाच हा प्रकार आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या बिघडत जातात.

हॉलंडातील रॉटरडॅम येथे सहा हजारांहून अधिक वृद्धांची पाहणी झाली. मधुमेह असणाऱ्यांस स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट असल्याचे तीत दिसले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सिएटल येथील २०१३ सालच्या निबंधात तर मधुमेह नसणाऱ्यांतही साखरेची सरासरी १०० ऐवजी ११५ असल्यास धोका सुमारे १८ टक्के अधिक आढळला. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असल्याचा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ सालच्या पाहणीचा अंदाज आहे.

पूर्वी औतामागे दिवसभर चालणे होई. आता ट्रॅक्टर व मोटारसायकल आली. पोटात मात्र पांढरा भात, मैद्याची बिस्किटे व गोड चहा वाढला. ऊस पिकविणाऱ्या आमच्या बांधवांस कटू वाटेल, तथापि सांगणे अवश्य आहे की, गूळही साखरेप्रमाणेच रक्तातील साखर चढवितो. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्याहून निःसंशय बरी. परंतु तीही पिष्टमयच असल्याने प्रमाण राखावे. एखादी भाकरी कमी करून पालेभाजी, उसळ व डाळ वाढवावी, चहातील साखर हळूहळू तोडावी आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा इशारा समजावा. १२६ वा अधिक असल्यास पुन्हा तपासून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी मनानेच उपास करू नयेत. कारण साखर एकाएकी फार उतरणेही मेंदूस घातक असते.

दरसाल सातबाराचा उतारा काढून त्यातील नोंदी पाहण्याची चाल पुष्कळ घरी आहे. त्याच सुमारास घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे, स्त्रियांचेही, रक्त तपासून घ्यावे, इतकीच वाचकांस आमची विनंती आहे.