थोरल्या भावाचा सांगावा

थोरला भाऊ धाकट्याच्या संसारात सहसा ढवळाढवळ करत नाही. पण घर बुडताना दिसलं, तर गप्पही बसत नाही.

कोलंबियातले कोगी आदिवासी स्वतःला थोरले भाऊ आणि आपल्या सगळ्यांना धाकटे भाऊ म्हणतात. कॅरिबियन समुद्रालगतचा, सुमारे ५,७०० मीटर उंचीचा सिएरा नेवाडा दे सांता मार्ता हा त्यांचा डोंगर. शतकानुशतकं बाहेरच्यांपासून दूर राहिलेल्या त्यांच्या ‘मामो’ गुरूंनी शिखरावरचा बर्फ आटताना पाहिला आणि बीबीसीच्या कॅमेऱ्याला आत येऊ दिलं. १९९० साली माहितीपट आला; २०१२ साली दुसरा, ‘अलुना’. सांगणं एकच: किनाऱ्यावरची खाजणं, नदीची मुखं उद्ध्वस्त केलीत, तर वरचा डोंगरही सुकेल. २०२२ साली युनेस्कोने या डोंगरातल्या चार जमातींचं ज्ञान मानवजातीचा वारसा मानलं.

मला मोलाचं वाटतं ते हे, की मामो जगाशी बोलले ते आपल्याच भाषेत. दुभाषा आपण शोधायचा! आपल्या घरातल्या आजी-आजोबांनाही गावची नदी, पाऊस, बी-बियाणं ठाऊक आहे, आणि तेही मराठीत. मुलांनो, त्यांना विचारा. तिथे तर दुभाषाही लागणार नाही. निदान अजून तरी.