थंडीतली जुनी गाडी: दुखणं एक की दोन?

डिसेंबर लागला की भरवेलीत पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. खाणीतल्या पहिल्या पाळीची माणसं मफलर गुंडाळून निघतात, आणि त्याच सुमारास गल्लीत एखादी जुनी गाडी सुरू होते, दोन-तीन गचके देते आणि बंद पडते. मालक म्हणतो, "थंडीच आहे, चालायचंच." पण आपल्याकडची थंडी हे कारण नव्हे. ती फक्त आधीच असलेला बिघाड उघडा पाडते.

आमच्याकडे 2004 सालची मारुती 800 आहे, कार्बोरेटरची नव्हे, इंजेक्शनची. तिच्या दोन तक्रारी होत्या. सकाळी सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत ती हमखास बंद पडायची. आणि बालाघाट गाठेपर्यंत तापमानाचा काटा खालीच असायचा. आईला तपासणीसाठी गोंदियाला न्यायचं तर पहाटेच निघावं लागतं. मागून मँगनीजचा ट्रक येत असताना गाडी चौकात बंद पडली, तर प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. शिवाय ज्या गाड्यांत ब्रेकला बूस्टर असतो, तिथे इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदा दाबलं की पेडल दगडासारखं कडक होतं.

सल्ले भरपूर मिळाले: बॅटरी बदला, पेट्रोल पंप बदला, गाडीच विकून टाका. मी मात्र आधी घड्याळ आणि वही घेतली. गाडी कितव्या मिनिटाला बंद पडते, काटा कधी हलतो, हे चार सकाळी लिहून ठेवलं. त्यातून कळलं, की ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी काट्याचं बघू. इंजिनातलं पाणी आणि रेडिएटर यांच्या मधे थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. तिच्या डबीत मेण असतं. इंजिन गार असताना झडप बंद असते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणून ते लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ही झडप उघडी अडकली किंवा नसलीच, तर पहिल्या क्षणापासून पाणी रेडिएटरमध्ये गार होत राहतं.

याची परीक्षा हातानेच होते. गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड रबरी नळीवर अधूनमधून हात ठेवा. झडप ठीक असेल तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होते. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली, तर झडप बंद होत नाही असं समजा. शाल, ओढणी, मफलर पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका; तो धूर जीव घेतो.

आमची नळी पहिल्यापासून कोमट होत होती. झडपेचं घर उघडलं तर आत झडपच नव्हती! मागच्या मे महिन्यात गाडी तापत होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये ती काढून टाकली होती. आपल्या भागात हा उपाय सर्रास चालतो. पण पाणी गारच राहिलं की गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं धरून जादा पेट्रोल सोडत राहतो. मायलेज घटतं, प्लग काजळतात, आणि ऑइलमध्ये पेट्रोल व ओल साचून इंजिन लवकर झिजतं.

आता दुसरं दुखणं. सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला प्रत्येक गाडीचं इंजिन गारच असतं, झडप असो वा नसो. मग तेव्हा गाडी बंद पडण्याचा दोष थेट झडपेवर कसा टाकणार? तिथे बघायचं ते गार इंजिनाला जादा हवा आणि जादा पेट्रोल मिळतं का: थ्रॉटलजवळचा आयडलचा हवेचा मार्ग, चिरलेल्या व्हॅक्युम नळ्या, एअर फिल्टर, प्लग आणि पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. अशा सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि 80 अंशांना साधारण 300 ओहम असतो. मल्टिमीटरने तो पाच मिनिटांत तपासता येतो. आमचा सेन्सर ठीक निघाला. आयडलचा मार्ग मात्र कार्बनने बुजत आला होता आणि प्लग काळेकुट्ट झाले होते. म्हणजे झडप काढल्याने गाडी पहिल्या मिनिटाला थेट बंद पडत नव्हती. पण त्यामुळे धरलेली काजळी दुसऱ्या दुखण्यात भर घालत होती.

नवी झडप काही शेकड्यांत मिळते. बसवण्याआधी ती दोऱ्याने पाण्यात टांगून, तळाला टेकू न देता, थर्मामीटर ठेवून तापवली. तिच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास ती उघडली. जुनी झडप तपासायची असेल, तर ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

झडप नुसती परत बसवली असती, तर मे महिन्यात गाडी पुन्हा तापली असती. उन्हाळ्यातलं खरं कारण रेडिएटरमध्ये होतं. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरले होते. तो साफ करून घेतला, पंखा वेळेवर सुरू होतो का ते पाहिलं, आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. आयडलचा मार्ग धुतला, प्लग बदलले. आता गाडी एका दमात सुरू होऊन चालू राहते, आणि बालाघाट येण्याआधी काटा आपल्या जागी येऊन थांबतो.

तुमची गाडी थंडीत कुरकुरत असेल, तर मिस्त्रीकडे जाताना तीन गोष्टी कागदावर न्या: कितव्या मिनिटाला बंद पडते, काटा कधी हलतो, आणि मोकळ्या रस्त्यावर तो पुन्हा खाली येतो का. शिवाय विचारा, "आमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे ना?" चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.