पाण्यातला पहिला क्षण



नळांचे वेल्डिंगचे सांधे गॅमा किरणांनी तपासणाऱ्या एका कामगाराने मला एकदा विचारले, "भाऊ, किरण तर डोळ्याचे पाते लवायच्या आत आरपार निघून जातात. मग अंगात मागे राहते काय, की ज्यासाठी छातीवर हा बिल्ला लावायचा?" प्रश्न रोकडा होता, आणि त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वाचनात जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपले शरीर बहुतांशी पाणी आहे. साहजिकच किरणाचा घाव पुष्कळदा पाण्याच्याच रेणूवर बसतो आणि त्यातला एक इलेक्ट्रॉन उडून जातो. उरलेला खंडित रेणू आपला एक प्रोटॉन शेजारच्या रेणूच्या गळ्यात टाकतो, आणि मागे राहतो हायड्रॉक्सिल नावाचा अर्धवट तुकडा. हा तुकडा फार हपापलेला असतो. जे जवळ सापडेल त्याचा लचका तोडतो. पेशीतील डीएनए हा आनुवंशिकतेचा धागा जवळ असला तर त्याचाही. क्ष-किरणांनी आणि गॅमा किरणांनी होणाऱ्या इजेतला मोठा वाटा या आडवाटेचाच असतो. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडतात तेव्हा हीच इजा उपयोगी पडते, ही गोष्ट वेगळी.

ही साखळी शास्त्रज्ञांना अनेक दशके कागदावर ठाऊक होती. पाण्यात घडताना तिची पहिली कडी मात्र कोणी पाहिली नव्हती, कारण ती अतिशय वेगवान. १९५० च्या सुमारास केंब्रिजमध्ये नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाच्या झोताने रासायनिक क्रिया सुरू करून दुसऱ्या झोताने ती पाहण्याची युक्ती काढली. १९६७ साली त्यांना आयगेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अहमद झेवैल यांनी लेसर वापरून तीच युक्ती फेमटोसेकंदापर्यंत नेली (नोबेल, १९९९). एका सेकंदात जितके फेमटोसेकंद, तितके सेकंद मोजायला सुमारे ३ कोटी १७ लक्ष वर्षे लागतील! पाठीमागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस आम्हां गिरणीवाल्यांना परिचयाचा. पण हा हिशेब त्याच्याही आवाक्यातला नव्हे.

तथापि द्रवाची अडचण निराळी. वायूत रेणू बराचसा एकटा असतो. द्रवात तो जत्रेतल्या माणसासारखा चहूबाजूंनी रेटला जातो. हजारो धडधाकट रेणूंच्या गर्दीत जखमी तेवढा ओळखायचा कसा?

येथे क्ष-किरण कामास येतात. ऑक्सिजनचा अणू म्हणजे एक चाळ समजा. तळमजल्यावरच्या भाडेकरूला वर चढवण्याइतकी नेमकी ऊर्जा मिळाली की अणू क्ष-किरण शोषतो. धडधाकट पाण्यात वरच्या सर्व खोल्या भरलेल्या. तळमजल्यावरच्याला थेट गच्चीच गाठावी लागते, आणि त्याला सुमारे ५३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. पण घावाने वरची एक खोली रिकामी झाली असेल तर तो तेथेच शिरतो, आणि तेवढ्याला ५२६ च्या आसपास भागते. त्या ठिकाणी साधे पाणी जवळजवळ पारदर्शक असते. म्हणजे तेथे जी सावली पडेल ती जखमी रेणूचीच!

हे करायला लागणारे अत्यंत प्रखर आणि क्षणिक क्ष-किरण कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळच्या एका यंत्रातून २००९ साली प्रथम निघाले. विद्युत्कणांना सुमारे एक किलोमीटर लांबीच्या नळीत प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊन चुंबकांच्या रांगेतून नागमोडी धावायला लावतात, तेव्हा हे किरण सुटतात. सिंगापूर, अमेरिका आणि जर्मनी येथील संशोधकांनी तेथे पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा वाहता ठेवला. गॅमा किरणाचे काम तीव्र लेसरला दिले, म्हणजे घाव केव्हा बसला ते नेमके कळावे. मागोमाग क्ष-किरण सोडले. दोहोंमधले अंतर थोडे थोडे बदलीत, दर वेळी ताज्या पाण्यावर, हाच प्रयोग असंख्य वेळा केला. म्हणजे हा एका घटनेचा सिनेमा नव्हे. पुष्कळ सारख्या घटनांची चित्रे क्रमाने लावलेली आहेत.

२०२० साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे: खंडित रेणू आपला प्रोटॉन सुमारे ४६ फेमटोसेकंदांत देऊन टाकतो, चूक धरली तर दहा इकडे किंवा तिकडे. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीइतके अंतर तोडत नाही. त्यानंतर जे राहते तो हायड्रॉक्सिल.

त्या कामगाराची पुन्हा गाठ पडली तेव्हा हे सारे त्याला सांगितले. त्याने विचारले, "मग बिल्ला हे थांबवतो का?" मी म्हटले, नाही, बिल्ला किरणांची बेरीज ठेवतो, आणि तीही ठराविक मुदतीनंतर वाचली जाते. थांबवायचे तर शिशाचा आडोसा, दूरचे अंतर आणि थोडा वेळ. तो म्हणाला, आमच्याकडे कामाच्या जागा तीन आणि शिशाचा पडदा एकच. त्याच रात्री आम्ही अर्ज लिहायला बसलो.